ऐकून घेण्याचं कलम

दत्ताराम घटना मागायला आला तेव्हा वनमाला सहावीचे पेपर तपासत बसली होती. त्याने दारातच चपला काढल्या, आत येऊन खाटेच्या कडेवर टेकला आणि दशरथकडे पाहून उगाच हसला. दशरथ खिडकीशी बसून सुपारी कातरत होता. त्याने नुसती मान हलवली.

"वनमालाताई, मंडळाची नोंदणी करायची आहे," दत्ताराम म्हणाला. "नोंदणीशिवाय हॉल घेता येत नाही. आणि त्या कचेरीतला माणूस पहिल्यांदा विचारतो, घटना कुठे आहे? आता आपल्याकडे कसली घटना!"

घटना नव्हतीच. कातळशेत गावातले जे लोक मुलुंड, भांडुप, घाटकोपरला राहत होते त्यांचं मंडळ आजवर तोंडी कारभारावरच चालत आलं होतं. मानकरी म्हणेल ते खरं, आणि मानकऱ्याच्या शब्दाला कुणी हरकत घेतलीच तर गावी देवाचा कौल लावायचा. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली की हो, डावी पडली की नाही. मग विषय संपला. देवापुढे कोण बोलणार?

"मी नागरिकशास्त्र शिकवते म्हणून मला सांगतोस?"

"तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे आपल्यात शिकलेलं? मी बीकॉम नापास." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजू शकतो."

नाही म्हणायला तिच्याकडे कारण होतं, आणि ते सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी गावच्या पंचायतीची निवडणूक लागली. बळवंत तेव्हा मंडळाचा मानकरी. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, अंगाने दांडगा, शब्दाला जड. गावकीने ठरवलं की बळवंतच्या भावाला बिनविरोध निवडून द्यायचं. दशरथ त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. तो रजा टाकून गावी गेला आणि त्याने उभं राहण्याचा अर्ज भरला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "कायदो म्हणता उभो ऱ्हवाक मिळता. म्हणान ऱ्हवलंय." बळवंतने देवळात कौल लावला. पाकळी उजवी पडली आणि दशरथचं घर वाळीत गेलं. त्या वेळी दशरथ मुंबईला परतीच्या गाडीत होता. त्याला काही विचारायची गरज कुणाला वाटली नाही. देवाला विचारलं होतं ना.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात वनमालाची आई, सुगंधा, काविळीने गेली. गावातलं एक माणूस दारात आलं नाही. चाळीत खाली गुजराती वाणी राहत होता, वरच्या मजल्यावर अय्यर म्हणून तारऑफिसातले गृहस्थ. दोघेही भले, पण तिरडी कशी बांधतात हे दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी दशरथने बायकोची तिरडी स्वतःच्या हाताने बांधली. हे काम घरच्याने करायचं नसतं. गाठी मारताना त्याचे हात साच्यावर चालावेत तसे सराईत चालत होते, आणि वनमाला दाराच्या चौकटीला धरून ते पाहत होती. रडणं तिला फार नंतर आलं. आधी आलं ते बळवंतचं नाव.

पुढे गिरण्यांचा संप झाला, सगळ्यांचीच वाट लागली. भुकेल्या माणसांत कोण कुणाला वाळीत ठेवणार? हळूहळू लोक बोलायला लागले, बारशाची बोलावणी आली. वाळीतून काढलं असं कुणी म्हणालं नाही. चुकलं असंही कुणी म्हणालं नाही. दशरथ बारशांना जाऊ लागला. वनमाला गेली नाही.

आणि आता ती दत्तारामला म्हणाली, "लिहिते."

दत्ताराम इतका खूष झाला की चहाचा कप तसाच ठेवून निघाला. दशरथने सुपारीवरून डोळे उचलून मुलीकडे पाहिलं.

"कित्याक?" त्याने विचारलं.

"कुणीतरी लिहायलाच हवी ना, बाबा."

खरं कारण ती त्याला सांगणार नव्हती. बळवंत सापडला होता. त्याच्या मुलाने, श्यामकांतने, नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं. मुलगी प्रेमा, गोवंडीची, इस्पितळात नर्स. तिच्या माहेरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि गावकीच्या मंडळींना जे समजायचं ते तेवढ्याने समजलं. बळवंत मुलाला घराबाहेर काढील अशी सगळ्यांची खात्री होती. त्याने काढलं नाही. उलट सुनेला घेऊन तो गावी गेला, देवळात तिच्या हातून नारळ ठेवला आणि परत येताना सगळ्यांच्या देखत एसटीच्या खिडकीची जागा तिला दिली. अंबादास नावाचा त्याचा जुना प्रतिस्पर्धी या क्षणाची किती वर्षं वाट पाहत होता कोण जाणे. त्याने लगेच मंडळात विषय काढला की बळवंतने गावकीला न विचारता लग्न लावलं, त्याला वाळीत टाका. जातीचा शब्द कुणी उच्चारला नाही. अशा वेळी तो उच्चारायचा नसतो, हे सगळ्यांना न शिकवता येतं.

वनमालाला ते कळत होतं. वर्गात ती समतेचा धडा शिकवायची तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकायची. दरवर्षी ती मुलांची सहल बोरिवलीला कान्हेरीच्या लेण्यांत न्यायची, मोठ्या चैत्यगृहापुढच्या पायऱ्यांवर त्यांना बसवायची आणि सांगायची, "लोकांचं राज्य म्हणजे काय ते आपल्याला परक्यांनी शिकवलं असं समजू नका. इथे भिक्षू राहायचे. त्यांच्या संघात ठराव तीनतीनदा विचारला जाई. मत मोजायला काड्या वाटत. आणि कुणावर ठपका ठेवायचा असेल तर तो माणूस समोर हवा. पाठीमागे केलेला निवाडा तिथे निवाडाच धरत नसत." मुलं डबे उघडायच्या गडबडीत असत. पण ती सांगायचीच.

घटनेचा मसुदा लिहायला बसली तेव्हा हे सगळं तिच्या डोक्यात होतं. तिने ग्रंथालयातून पुस्तकं आणली. जुन्या सनदा वाचल्या. तिला एक गोष्ट नव्याने दिसली. शाळेच्या पुस्तकात वाटतं की हक्क लिहिणारी माणसं शांत आणि थोर होती. तसं काही नव्हतं. इंग्लंडच्या राजाला कुरणात गाठून त्याच्याकडून सनद लिहून घेणारे सरदार आपापल्या जहागिरीत कुळांना तसेच छळत होते. राजाने त्यांना नाडलं म्हणून ते पेटले, एवढंच. फ्रान्समध्ये ज्यांनी माणसाचे हक्क भिंतींवर लावले त्यांतल्या कितीकांनी पुढे शेजाऱ्याचं मुंडकं उडवायला हात वर केला. ज्या ज्या कलमापाशी ती थांबली त्याच्या मागे कुणीतरी सुडाने जळत उभा होता. आपणही त्यातलेच, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याने तिला बरं वाटलं.

दत्ताराम मधूनमधून येऊन पाहून जायचा. एकदा म्हणाला, "ताई, हे वाळीत प्रकरणच काढून टाकूया का? कचेरीतला माणूस हसेल आपल्याला."

"शब्द बदलू. सामाजिक व्यवहार स्थगित करणे, असं म्हणू."

"शब्दाचं नाही हो. गोष्टच काढून टाकली तर?"

"आणि इतकी वर्षं ज्यांना टाकलं त्यांचं काय? त्यांनी भोगलं ते फुकट?"

दत्तारामने मसुदा खाली ठेवला. ती म्हणाली ते त्याला पटलं नव्हतं, पण ज्या घरात बसून तो हे बोलत होता त्या घराचा त्याला धाक वाटला.

मग तिने लिहिलं: ज्याच्यावर आरोप आहे त्याला समोर बोलावून त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय कोणताही निवाडा होणार नाही. त्याच्या खाली दुसरं लिहिलं: ज्याचं आरोपीशी वैर आहे त्याने निवाड्याला बसू नये. ही दोन्ही जुळी भावंडं, हे ती वर्गात नेहमी सांगायची. एक आहे आणि दुसरं नाही असं चालत नाही. तो कागद दत्तारामने पाहिला, "झकास," म्हणाला आणि गेला. तो गेल्यावर वनमालाने दुसऱ्या कलमावर रेघ मारली. पट्टी लावून, सरळ.

बळवंत आला तो एका संध्याकाळी, दशरथ देवळात गेला असताना. मुद्दाम तीच वेळ साधली असावी. गिरणी बंद पडल्यापासून तो वाळला होता, पण टोपी तीच, काठाला तेलकट झालेली.

"काय गो वनमाला, वळखलंस?"

"तुम्हाला कोण विसरेल, बळवंतकाका? या ना. आमच्या घरी यायला आता मनाई नाही ना?"

तो टोमणा त्याने गिळला. खाटेवर न बसता उभाच राहिला.

"अंबादास गावाक गुरवाकडे माणूस धाडतासा," तो म्हणाला. "माझ्यार कौल लावतलो."

"लावू दे की. देव आहे. तुमचाच देव."

"देव थंयच आसा. पण प्रश्न कोण इचारता त्याच्यार आसता सगळा." तो थांबला. आपण काय बोलून गेलो ते त्याला बोलल्यावर कळलं असावं.

वनमालाने हातातली लेखणी खाली ठेवली. "म्हणजे माझ्या बापाच्या वेळी प्रश्न तुम्ही विचारला होता."

"व्हय."

"काय विचारलं होतं? दशरथने गुन्हा केला का, असं?"

"नाय. टाकूचो काय, असा."

"गुन्हा केला का, हे कुणी विचारलंच नाही."

खालून वाण्याच्या दुकानातल्या काट्याचा आवाज येत होता. मग बळवंत म्हणाला, "तू घटना लिवतंस म्हणतत. तेच्यात एक गोष्ट घाल. कोणाक टाकूचो आसलो तर पयलां त्याका बोलवूचो. त्याचा म्हणणा आयकूचा. मगे काय ता करा."

ते कलम तर तिने केव्हाच लिहिलं होतं. ते तिच्या कोपराखालीच होतं. ती म्हणाली, "तुम्ही तर म्हणायचात की देवाच्या वर कागद चढत नाही."

"म्हणत होतंय."

"आता?"

"आता म्हणतंय की घाल."

"असं नाही. नीट मागा."

म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि म्हणाला, "माझा म्हणणा आयकून घेवची सोय कर गो बाय. मी हात जोडतंय."

इतक्या वर्षांत वनमालाने हा प्रसंग मनात कितीदा रचला होता, आणि प्रत्येक वेळी तो थोडा वेगळा असायचा. पण टोपी काढण्याची कल्पना तिला कधी सुचली नव्हती. तिने ती डोळे भरून पाहिली.

"करते," ती म्हणाली. "तुमचं सगळं म्हणणं ऐकून घेऊ. एक शब्द सुटणार नाही."

घटना मंजूर झाली. महापालिकेच्या शाळेतल्या वर्गात सभा भरली, मोठमोठी माणसं पोरांच्या बाकांत गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि दत्तारामने वाचलेल्या प्रत्येक कलमाला टाळ्या पडल्या. अंबादासनेही टाळ्या वाजवल्या. कौलाने काय किंवा कागदाने काय, त्याला बळवंत जायला हवा होता. निवाड्यासाठी पाच जणांची समिती निवडली. घटना लिहिणारीला वगळून कसं चालेल, असं कुणीतरी म्हणालं. अंबादासने लगेच अनुमोदन दिलं. कातळशेतच्या इतिहासात निवाड्याला बसलेली ती पहिली बाई.

मग सुनावणीचा रविवार आला. बळवंतला फळ्यापुढे खुर्ची दिली होती. तो बसला नाही. बाहेर व्हरांड्यात त्याची बायको मथुरा कठड्याला टेकून उभी होती आणि तिच्याशेजारी प्रेमा, नर्सचा पांढरा गणवेश अंगावर, ड्युटीवरून थेट आलेली. आत यायला त्यांना कुणी मना केलं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं.

बळवंतने समितीकडे पाहिलं आणि सुरुवातीलाच म्हणाला, "माझी एक हरकत आसा. ह्या पोरीचा माझ्याशी वैर आसा. हिना निवाड्याक बसू नये."

वर्गात कुजबुज झाली. अंबादास ओरडला, "आता पळवाट काढतंस काय रे?"

वनमालाने घटनेचा कागद पुढे केला. "कलम दाखवा, बळवंतकाका."

"कलम म्हणजे?"

"वैर असलेल्याने बसू नये, असं यात कुठे लिहिलंय ते दाखवा. लिहिलं असेल तर मी आत्ता उठते."

बळवंतला नीट वाचता येत नव्हतं. त्याने कागद हातात घेतला, उलटा सुलटा केला आणि दत्तारामकडे पाहिलं. दत्ताराम चिटणीस म्हणून टेबलाच्या टोकाशी बसला होता. त्याने पहिला मसुदा पाहिला होता. त्याची नजर वनमालाच्या चेहऱ्यावर आली, तिथे थोडी रेंगाळली आणि परत इतिवृत्ताच्या वहीत गेली.

"नाही काका," तो खालमानेनेच म्हणाला. "असं कलम नाही."

"बरा," बळवंत म्हणाला. त्याने कागद परत दिला. मग तो बोलू लागला.

त्याला कुणी अडवलं नाही. अंबादास एकदा खाकरला तर वनमालानेच त्याला हाताने गप्प केलं; नियम म्हणजे नियम. बळवंत बोलत राहिला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. सदऱ्याचं वरचं बटण वेगळ्या रंगाचं होतं. बोलताना तो उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होता, तुटलेला धागा जोडताना गिरणीतली माणसं घासतात तसा. हाच हात देवळात जोडला असेल, पाकळी पडताना. घरी खाटेवर आई पिवळी पडत होती तेव्हा हा हात कुठे होता? कुणाच्या लग्नात जेवत होता? मागच्या बाकावरच्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला. दत्तारामची लेखणी थांबली होती. व्हरांड्यात मथुराने सुनेचा हात धरला. वनमालाला हे सगळं दिसत होतं, आणि ती वाट पाहत होती. हा थांबेल. मग आपली पाळी.

तो थांबला. त्याने पाणी मागितलं. वर्गातल्या माठाजवळ बसलेल्या माणसाने अंबादासकडे पाहिलं आणि मगच पेला भरला.

समितीतल्या दोघांनी बळवंतच्या बाजूने मत दिलं. त्यांत एक तर अंबादासचा मेहुणा होता. अंबादासने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाकात आणखी खचला, पण त्याने मत फिरवलं नाही. दोघे विरुद्ध गेले. उरली वनमाला.

क्षणभर तिला कान्हेरीच्या पायऱ्या दिसल्या, आणि डबे उघडणारी पोरं. व्हरांड्यातल्या पांढऱ्या गणवेशाकडे तिने पाहायचं टाळलं. कशासाठी हा माणूस इथे उभा केला गेला ते तिला ठाऊक होतं. त्याने आयुष्यात केलेल्या एकाच चांगल्या गोष्टीसाठी त्याला शिक्षा होणार होती. पण शिक्षा होणार होती.

"आरोप मान्य," ती म्हणाली. "सामाजिक व्यवहार आजपासून स्थगित. त्यांच्या घरी जो जाईल त्यालाही हेच लागू."

बळवंतने टोपी घातली. दारातून जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. प्रेमाने मात्र पाहिलं. सगळ्यांना सोडून नेमकं वनमालाकडे. त्या नजरेत राग असता तर वनमालाला ती समजली असती.

घरी आली तेव्हा दशरथ विळीवर बसून नारळ खवत होता. रविवारचं कालवण तोच करायचा.

"झाला?"

"झालं, बाबा. गेला वाळीत." ती भिंतीला टेकून खाली बसली. अंगातला ताप उतरावा तसं हलकं वाटत होतं. "मी मत दिलं. माझ्या मताने गेला. हरकत घेत होता, ती पण ऐकून घेतली."

दशरथचा हात चालूच होता. "आयकलात मां त्याचा?"

"सगळं. मनात होतं तेवढं बोलला. कुणी तोंड उघडलं नाही मध्ये."

"काय म्हटल्यान?"

"फळ्यापुढे उभा होता. खुर्ची दिली तर बसला नाही. सदऱ्याला बटण भलतंच. आधी मोठ्या तोऱ्यात होता, मग घाम फुटला, पाणी मागायला लागला. अंबादासने तर—"

"तां नाय गो," दशरथ म्हणाला. "म्हटल्यान काय?"

वनमालाने तोंड उघडलं. त्याचा अंगठा आठवत होता. मागची बाई रडली ते आठवत होतं. ती कशाने रडली असेल? अंबादासचा मेहुणा कशाने फिरला? बळवंतचे ओठ हलताना दिसत होते, आणि त्यांतून काही येत नव्हतं. तिने पुन्हा प्रयत्न केला. एक वाक्यसुद्धा नाही.

"बाबा, काय म्हणणार? आपल्या बाजूने बोलणार माणूस."

"माझा नाव घेतल्यान?"

"माहीत नाही."

"सुगंधाचा?"

दशरथने नारळाची वाटी परातीत ठेवली. विळी आडवी केली, मोरीत हात धुतले आणि खुंटीवरचा सदरा अंगात घालू लागला.

"कुठे निघालात?"

"इचारून येतंय."

"बाबा, त्याच्या घरी जायचं नाही. ठराव आजपासून लागू आहे. जो जाईल त्यालाही—"

"मगे माझ्यारय लावा. माका सवय आसा." त्याने चपला पायांत सरकवल्या. "फकस्त पयलां बोलवा. माझा कोणीतरी आयकात तरी."

तो जिना उतरून गेला. वनमाला उठली नाही. तिला पश्चात्ताप झाला नव्हता. पुन्हा मत विचारलं असतं तर तिने तेच दिलं असतं, याची तिला खात्री होती.

खाली अंगणात पावलं थांबली.

"वनमाला!" दशरथने हाक मारली. इतक्या मोठ्याने की नळावरच्या बायकांनी माना वर केल्या. "बळवंताची खोली आता खंयची गो?"

ती कठड्यापाशी आली. त्याच्या घरी नोटीस तिनेच धाडली होती. पत्ता तिला तोंडपाठ होता. नळावर मंडळातल्या दोघी होत्या, आणि त्यांनी बादल्या भरणं थांबवलं होतं. बाप मान वर करून, उन्हाला हात आडवा धरून उभा होता. उत्तर मिळाल्याशिवाय तो हलणार नव्हता.

"मिठागराकडची," ती म्हणाली. "शेवटची चाळ, तळमजला."